सावित्रीच्या वाटेने आलेली सुखसाधने

मिशनरी म्हटला की सामान्यतः दोन चित्रे डोळ्यांपुढे उभी राहतात. एकात तो रानोमाळ हिंडतो, मिळेल ते खातो आणि परक्या भूमीत तापाने फणफणून देह ठेवतो. दुसऱ्यात तो प्रशस्त बंगल्याच्या ओसरीवर आरामखुर्चीत रेलून चहा पितो आणि मागे कोणी पोऱ्या पंख्याची दोरी ओढीत बसलेला असतो. पहिले चित्र त्याच्या स्वदेशातील देणगीदारांनी रंगविले, दुसरे येथील टीकाकारांनी. दोन्हींत तथ्यांश आहे. परंतु रंगविणाऱ्यांपैकी फारच थोड्यांनी एक वही उघडून पाहिली, आणि ती म्हणजे त्याच्या घरातील सामानाची वही. कोणती वस्तू कोठून आली, किती दिवसांनी आली, वाटेत ती कोणी वाहिली आणि घरात आल्यावर तिने नेमके कोणते काम केले, एवढे पाहिले तर या माणसांच्या राहणीविषयी पुष्कळ गैरसमज दूर होतात, आणि काही नवे प्रश्नही उभे राहतात.

महाराष्ट्रापुरते पाहावयाचे तर या सामानाचा एक ठळक मार्ग सावित्री नदीच्या खोऱ्यातून गेला आहे. बाणकोटच्या खाडीच्या मुखापासून महाडपर्यंत भरतीच्या पाण्यावर मचवे चालत. महाडहून पोलादपूर, पोलादपुराहून पार, आणि तेथून सह्याद्रीची उभी चढण चढून महाबळेश्वर, अशी ही वाट. याच डोंगररांगेत, रायगड, रत्नागिरी व सातारा या तीन जिल्ह्यांच्या सीमा जेथे भिडतात तेथे, पोलादपूर तालुक्यातील कुडपण हे गाव वसले आहे. बुद्रुक आणि खुर्द अशी त्याची दोन अंगे असून तेथील ‘भीमाची काठी’ पाहावयास हल्ली पावसाळ्यात शहरी मंडळींची गर्दी लोटते. कुडपण या जुन्या वाटेवरचा मुक्काम नव्हे. तथापि परदेशी माणसाच्या सुखसोयींचे माप घ्यावयाचे तर शेजारच्या माणसाजवळ त्या काळी काय होते हे ठाऊक असावे लागते, आणि त्या कामी घाटमाथ्याच्या कुशीतील असे गाव फार उपयोगी पडते. अशा गावात नाचणी आणि वरी पिके, थोडा भात होई. अंगावर घोंगडी, पावसात इरले, रात्री चुलीचा उजेड. बाहेरून विकत आणावे लागे ते मीठ, थोडे कापड आणि सुकी मासळी. तेवढ्यासाठी डोंगर उतरून बाजार गाठावा लागे.

आरंभीच्या मिशनऱ्यांची स्थिती याहून फार बरी होती असे समजण्याचे कारण नाही. गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे अमेरिकन मिशनरी फेब्रुवारी १८१३ मध्ये मुंबईस उतरले. त्यांचे सहकारी सॅम्युएल न्यूएल मागाहून येऊन मिळाले, पण एकटेच. कंपनी सरकारने त्यांना कलकत्त्यातून निघून जाण्याचा हुकूम दिला होता. तेव्हा समुद्रावर त्यांचे तान्हे मूल गेले, आणि नोव्हेंबर १८१२ मध्ये मॉरिशस बेटावर त्यांची पत्नी हॅरिएट ही वयाच्या अवघ्या एकोणिसाव्या वर्षी निवर्तली. स्वतः न्यूएल १८२१ मध्ये मुंबईत पटकीने गेले. हॉल यांची अखेर तर सामानाच्या दृष्टीने विशेष बोलकी आहे. १८२६ च्या मार्चमध्ये ते नाशिककडे फिरतीवर होते. तेथे पटकीचा उद्भव झालेला. बरोबरची औषधे त्यांनी आजाऱ्यांना वाटून टाकली आणि परतीच्या वाटेवर त्याच रोगाने काही तासांत त्यांचा प्राण घेतला. ती औषधे जवळ उरली असती तर ते वाचलेच असते असे म्हणता येत नाही, कारण त्या काळच्या औषधांना पटकी दाद देत नसे. जे खरोखर उपयोगी पडले असते ते म्हणजे उकळलेले पाणी; आणि ते कोणत्याही गलबतातून मागवावे लागत नव्हते! दूषित पाण्यातून पटकी पसरते ही गोष्ट लंडनच्या डॉक्टर जॉन स्नो यांनी पुढे १८५४ च्या साथीत दाखवून दिली. अज्ञान हीच त्या पिढीची मुख्य उणीव होती, आणि तिची भरपाई पेटाऱ्यांनी होण्यासारखी नव्हती.

कोकणात स्कॉटिश मिशनऱ्यांचे पाऊल १८२३ मध्ये पडले. त्यांपैकी पहिले डोनाल्ड मिचेल त्याच वर्षी वारले. त्यांच्यामागून आलेल्यांनी बाणकोट आणि हर्णे येथे ठाणी घातली. पुढे मुंबईत विद्याप्रसारामुळे नामांकित झालेले जॉन विल्सन हेही १८२९ मध्ये आल्यावर प्रथम याच किनाऱ्यावर मराठी शिकले. युरोपहून निघालेले गलबत आफ्रिकेला वळसा घालून चार-पाच महिन्यांनी मुंबई गाठी. म्हणजे एखाद्या पाद्र्याने घरी पत्र लिहून जोडे मागविले, तर उत्तर आणि जोडे हाती पडेपर्यंत वर्ष उलटे. या अवधीत मागणाऱ्याचे निधन झालेले असणे ही काही विरळ गोष्ट नव्हती. अशा परिस्थितीत माणूस दोन गोष्टी करतो: येताना शक्य तेवढे बरोबर आणतो, आणि उरलेले स्थानिक बाजारातून भागवितो. म्हणून कपडे आणि पुस्तके आतून जस्ताचा किंवा कथलाचा पत्रा मारलेल्या पेटाऱ्यांतून येत. पत्रा नसला तर कोकणच्या पहिल्या पावसाळ्यात कापडाला बुरशी चढे आणि पुस्तके वाळवीच्या स्वाधीन होत.

खाण्याचे पाहिले तर कोकण हा भाताचा मुलूख. पावाची सवय असलेल्या माणसास गहू देशावरून आणवावा लागे. पीठ आंबविण्यास या किनाऱ्यावर परंपरेने माडीच वापरीत असत. तेव्हा दारूबंदीवर व्याख्यान देणाऱ्या पाद्र्याच्या न्याहारीचा पाव बहुधा माडीनेच फुगलेला असे, ही गंमत लक्षात घेण्यासारखी आहे. लोणी, दूध, अंडी व कोंबडी ही गावातच मिळत. चहा, साखर आणि मेणबत्त्या मुंबईहून येत. एकूण काय, मुंबईपासून जितके दूर जावे तितकी वही लहान होत जाई.

महाबळेश्वराचा उदय झाल्यावर या वहीत एका अजब मालाची भर पडली. तो माल म्हणजे थंड हवा. जनरल लॉडविक १८२४ मध्ये हा डोंगर चढून आले, आणि पुढे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या पुढाकाराने १८२८ पासून तेथे आरोग्यस्थान उभे राहू लागले. दुसऱ्या वर्षी साताऱ्याच्या महाराजांशी अदलाबदलीचा करार होऊन ही जागा इंग्रजांकडे आली. त्या पेठेस माल्कमपेठ हे नाव पडले. थंड हवेची जागा ही श्रीमंतांची चैन, अशी आज समजूत आहे. मिशनऱ्यांच्या बाबतीत मात्र हा हिशेब जिवाचा होता. तमिळ प्रांतात मदुरेच्या अमेरिकन मिशनने अल्पकाळात आपली इतकी माणसे पुरली की १८४५ मध्ये त्यांनी पळणीच्या डोंगरावर, कोडाईकनाल येथे, स्वतःच बंगले बांधले; ते गावच त्यातून वाढले. मराठी मुलुखात हे काम महाबळेश्वराने केले. मुंबईत १८१८ पासून असलेले आणि बायबलाच्या मराठी भाषांतराचे काम करणारे ॲलन ग्रेव्ह्स हे प्रकृती ढासळल्यावर माल्कमपेठेत जाऊन राहिले आणि १८४३ च्या अखेरीस तेथेच निवर्तले. त्यांच्या पत्नी मेरी ग्रेव्ह्स पुढेही कित्येक वर्षे त्या डोंगरावरच राहिल्या. दक्षिण कोकणात वा देशावर वैशाख काढणाऱ्या कुटुंबास सहा आठवडे वर जाता आले, तर लहान मुले जगण्याचा संभव वाढतो, एवढे साधे गणित त्यामागे होते.

परंतु ही हवा खाण्यासाठी वर चढावे लागे, आणि सारे बिऱ्हाड बरोबर न्यावे लागे. मुंबईहून गलबताने बाणकोट, तेथून भरती धरून खाडीने महाड. भरती चुकली की मचवा गाळात रुतून बसे आणि आतील मंडळी पुढच्या भरतीपर्यंत डासांच्या स्वाधीन. महाडपासून पुढे मेणे, डोल्या, तट्टे आणि हमाल. पारपासून वरच्या चढणीस रडतोंडी म्हणतात. १६५९ मध्ये अफझलखानाची फौज याच बाजूने खाली उतरली असे सांगतात. नावावरूनच चढणीची कल्पना यावी. या चढणीवर पेटारे, बिछाने, भांडी, मुलांचे पाळणे, पुस्तकांचे गठ्ठे, आणि पुष्कळदा खुद्द आजारी मनुष्य, हे सारे दुसऱ्या माणसांच्या डोक्याखांद्यांवरून गेले. मिशनऱ्यांच्या पत्रव्यवहारात ‘सामान सुखरूप पोहोचले’ असे एक वाक्य सहज येऊन जाते. त्या वाक्यात कर्ता नाही. कर्ता होता तो पोलादपुराकडचा कुणबी, महार वा कोळी. त्याच्या पायात वहाण असेलच असे नाही, आणि ज्या थंड हवेसाठी तो ओझे वाहत होता ती त्याच्या गावी फुकट वाहत होती. कुडपणच्या माथ्यावर एप्रिल महिन्यातली पहाट महाडच्या मानाने पुष्कळच सुखाची असते. तेथे हवा होती. नव्हते ते पाणी उकळावे हे ज्ञान, क्विनीन आणि वैद्य. तेव्हा केवळ हवेने आयुष्य वाढते असे मानणाऱ्या त्या काळच्या डॉक्टरांना डोंगरातील मुलांचे मृत्यू दिसले नाहीत, असेच म्हणावे लागते.

पुढे बोरघाटातून आगगाडी सुरू झाली, १८६३ मध्ये मुंबई-पुणे सलग जोडले गेले आणि बहुतेक प्रवासी वाईच्या बाजूने पसरणीचा घाट चढू लागले. कोकणच्या बाजूस १८७६ मध्ये गाडीरस्ता तयार झाला. गव्हर्नर फिट्झजेरल्ड यांचे नाव त्यास दिले होते, लोक त्यास अंबेनळी घाट म्हणतात. रडतोंडीचा उपयोग त्यानंतर मागे पडला.

महाबळेश्वरी पोहोचलेल्या कुटुंबास भाजीपाला कोण पुरवी याचे उत्तर चमत्कारिक आहे. माल्कमच्या काळात तेथे पूर्वेकडील इंग्रजी वसाहतींतून चिनी कैदी आणून ठेवले होते. त्यांनी बटाटे आणि तऱ्हेतऱ्हेच्या विलायती भाज्या लावल्या, बांबूच्या व वेताच्या टोपल्या विणल्या. १८६४ मध्ये तो तुरुंग मोडला, पण लागवडीची विद्या येथल्या शेतकऱ्यांच्या हाती राहिली. विलायती पाहुण्यांसाठी लावलेल्या स्ट्रॉबेरीने तर असे मूळ धरले की २०१० मध्ये ‘महाबळेश्वर स्ट्रॉबेरी’ला भौगोलिक मानांकन मिळाले. मध, लोणी आणि जळण ही आसपासच्या धनगर, कोळी व कुणबी लोकांकडून येत.

आता बंगल्याच्या आत डोकावू. ज्या वस्तूंना सुखसाधने म्हणून नावे ठेवली गेली त्यांतील बऱ्याचशा वस्तुतः संरक्षणाची हत्यारे होती. जेवणाच्या मेजाचे आणि जाळीच्या कपाटाचे चारही पाय पाण्याच्या वाट्यांत उभे असत. उद्देश एवढाच, की मुंग्यांनी वर चढू नये. जाळी असे ती माश्यांसाठी. स्वयंपाकघराबाहेर तिवईवर एकावर एक तीन मडकी. वरच्यात कोळसा, मधल्यात वाळू, आणि खालच्यात गळून आलेले स्वच्छ पाणी. या योजनेने पाणी दिसावयास निर्मळ होई, पण रोगजंतू त्यातून खाली येतच. १८८४ मध्ये पाश्चरचे सहकारी शांबरलां यांनी चिनी मातीच्या नळीचा गाळा काढला, तेव्हा कोठे गाळण्यास खरा अर्थ आला.

मच्छरदाणीची गोष्ट याहून मौजेची. हिवतापास रात्रीची दूषित हवा कारण होते, असा समज शतकभर होता. म्हणून सूर्यास्तानंतर खिडक्या लावून घेत आणि आत गुदमरत. मच्छरदाणी लावीत ती झोपमोड होऊ नये म्हणून. १८९७ मध्ये सिकंदराबादेस रोनाल्ड रॉस यांनी डासाच्या पोटात हिवतापाचे जंतू दाखविले आणि एका रात्रीत मच्छरदाणी चैनीच्या सदरातून औषधाच्या सदरात गेली. म्हणजे इतकी वर्षे मिशनरी योग्य वस्तू चुकीच्या कारणासाठी वापरीत होते. ज्यांनी काटकसर म्हणून ती वापरली नाही, त्यांनी त्यागापायी निष्कारण ताप ओढवून घेतला. क्विनीनचा प्रकार निराळा. सिंकोनाच्या सालीतून ते १८२० मध्ये पॅरिसमध्ये वेगळे काढले गेले. नीलगिरीवर सिंकोनाची लागवड झाल्यावर ते हळूहळू स्वस्त झाले. या एका वस्तूने बंगल्याचा उंबरठा सर्वांआधी ओलांडला, कारण मिशनऱ्याकडे येणारा पहिला शेजारी बहुधा तापाचा रोगी असे.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सामानाची वही भराभर बदलली. १८३० मध्ये ‘ह्यू लिंडसे’ ही आगबोट मुंबईहून सुवेझला गेली तेव्हाच डाकेचा वेग वाढला होता. १८६९ मध्ये सुवेझचा कालवा खुला झाल्यावर जड सामानही चार महिन्यांऐवजी चार आठवड्यांत येऊ लागले. त्याच सुमारास हवाबंद डब्यांचे युग आले. अमेरिकेत गेल बॉर्डन यांनी १८५६ मध्ये आटीव दुधाचे पेटंट घेतले, आणि दहा वर्षांनी स्वित्झर्लंडात तसाच कारखाना निघाला. आईचे दूध आटलेल्या तान्ह्या मुलास डब्यातील दूध हा काय आधार वाटला असेल, हे न्यूएल यांच्या कहाणीवरून समजावे. मुंबईला तर अमेरिकेतील तळ्यांचा बर्फही भुशात गुंडाळून जहाजाने येत असे, आणि १८४० नंतरच्या दशकात त्यासाठी स्वतंत्र बर्फघर बांधलेले होते. महाडच्या पलीकडे मात्र तो पोहोचण्याचा संभव नव्हता. खाडीतच त्याचे पाणी झाले असते.

रॉकेल या शब्दाचा उगमच मुळी परदेशी तेलात आहे. ‘रॉक ऑइल’चे ते आपल्या जिभेवर घडलेले रूप. चार गॅलनचा चौकोनी डबा, आणि असे दोन डबे बसतील एवढी लाकडी पेटी, या मापाने ते साऱ्या देशभर पसरले. तेल संपल्यावर खरा संसार सुरू होई. डब्याची बादली झाली, धान्याची कोठी झाली, कुंडी झाली, कापून सपाट केला तर छपराचे ठिगळ झाले. पेट्यांची मिशनरी स्त्रियांनी पुस्तकांची फडताळे केली, त्यांवर छिटाचा पडदा लावून मुलांची कपाटे केली. मिशनऱ्याच्या घरात विलायती फर्निचर असते अशी ख्याती होती. जवळ जाऊन पाहणाऱ्यास पडद्यामागे तेलाच्या कंपनीचा शिक्का दिसे. १८९२ मध्ये स्वीडनमध्ये प्रायमस स्टोव्ह निघाला आणि फिरतीवर निघालेल्या माणसास ओल्या लाकडांशी झटापट करण्याचे कारण उरले नाही.

याशिवाय स्वदेशाहून देणग्यांची पेटी येई. न्यू इंग्लंडमधील वा स्कॉटलंडमधील मंडळीच्या स्त्रिया वर्षभर शिवणकाम करून नाताळाच्या सुमारास पोहोचेल अशा बेताने ती धाडीत. प्रेमाने भरलेल्या या पेटीत लोकरी मोजे, जाड गलपट्टे, बाहुल्या, चित्रांची कार्डे आणि वाचून झालेली मासिके असत. नगरच्या उन्हाळ्यात लोकरी मोज्यांचे काय करावे हा प्रश्न पडे, परंतु आभाराचे पत्र मात्र सविस्तर लिहावे लागे. कारण पुढच्या वर्षीचा शाळेचा खर्च त्याच मंडळीकडून यावयाचा होता. ज्यांना मोजूनमापून हवे ते मागवावयाचे असे ते मोठ्या दुकानांच्या सचित्र याद्यांवरून मागवीत. लंडनच्या आर्मी अँड नेव्ही स्टोअर्सची शाखा १८९१ मध्ये मुंबईतच निघाली, तेव्हापासून टूथपावडरीपासून तंबूपर्यंत सारे बोरीबंदरच्या अलीकडेच मिळू लागले.

आता मुख्य आक्षेपाकडे वळावयास हरकत नाही. मिशनऱ्याचे राहणे त्याच्या देशबांधव अधिकाऱ्यांच्या मानाने साधे होते. परंतु ज्यांना तो उपदेश करी त्यांच्या मानाने ते साधे नव्हते, आणि तुलना नेहमी शेजाऱ्याशी होते. शिवाय त्याच मिशनमध्ये काम करणाऱ्या हिंदी उपदेशकाचा पगार परदेशी मिशनऱ्याच्या वेतनाच्या लहानशा अंशाएवढा असे. कारण असे देत, की हिंदी माणसाच्या गरजा कमी आहेत. हे कारण ऐकून घेणाऱ्याच्या घरीही मुले तापाने मरत होती. मच्छरदाणी, आटीव दूध आणि डोंगरावरचे सहा आठवडे जर जीव वाचविण्यासाठी आवश्यक असतील, तर ती चामडीच्या रंगावर अवलंबून आवश्यक कशी ठरतील, याचे समाधानकारक उत्तर मिशनच्या कोणत्याही समितीला देता आले नाही.

काहींनी या प्रश्नाचे उत्तर आपल्या वागणुकीने दिले. कोकणातील करजगाव येथे १८६१ मध्ये जन्मलेले कवी नारायण वामन टिळक यांनी अमेरिकन मराठी मिशनमध्ये कित्येक वर्षे पगारी काम केले. पण १९१७ मध्ये त्यांनी तो संबंध सोडला, संन्यस्त वृत्ती पत्करली आणि ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. दोन वर्षांनी त्यांचे देहावसान झाले. जॅक विन्स्लो या इंग्रज मिशनऱ्याने १९२२ मध्ये ‘ख्रिस्त सेवा संघ’ काढला. त्यात इंग्रज व हिंदी सभासद एकत्र, जमिनीवर बसून, देशी अन्न खाऊन व खादी नेसून राहत. पुढे पुण्यास त्याचा आश्रम झाला. हे प्रयोग मनाला भिडतात. तथापि एक गोष्ट त्यांच्या प्रशंसकांनी नजरेआड केली. चटईवर बसल्याने पगाराचा भेद दिसेनासा होतो, हिवताप मात्र जात नाही. मिरजेत विल्यम वॉन्लेस यांनी १८९४ मध्ये रुग्णालय उघडले, किंवा वेंगुर्ल्यास डॉक्टर गोहीन यांनी आरोग्यसेवा उभारली, त्यांनी पांढऱ्या चादरी, उकळते पाणी, औषधे, लोखंडी खाटा ही बंगल्यातील सामग्री उचलून शेजाऱ्याच्या उशाशी नेली. त्याग करून समान होणे आणि वाटून समान होणे, या दोन निरनिराळ्या वाटा आहेत. आजाऱ्याला विचारले असते तर त्याने दुसरी निवडली असती.

बंगल्यातील कोणती वस्तू बाहेर पडली आणि कोणती पडली नाही, हे पाहणे म्हणूनच महत्त्वाचे. क्विनीन बाहेर पडले, पोस्टातून पुड्यांनी विकले जाऊ लागले. रॉकेलचा दिवा बाहेर पडला. प्रायमस बाहेर पडला, पण तो पोलादपूर-महाडच्या गावांत साहेबाच्या बंगल्यातून आला नाही. तो मुंबईहून चाकरमान्याच्या ट्रंकेतून आला. या तालुक्यांतील पुरुष गिरण्यांत, गोदीत, बंगल्यांत चाकरीस जात आणि शिमग्याला वा गणपतीला घरी परतत. त्यांच्या ट्रंकेत काय असे? चहाची पूड, साबण, बिस्किटे, आईसाठी लुगडे, धाकट्यासाठी पाटी, एखादे वर्षी स्टोव्ह. बोस्टनहून येणाऱ्या पेटीची आणि परळहून येणाऱ्या ट्रंकेची यादी शेजारी शेजारी ठेवली तर त्यांत विलक्षण साम्य आढळते. फरक इतकाच, की एका पेटीची वाट पाहणारा परमुलखात होता, आणि दुसरीची वाट पाहणारे स्वतःच्या घरात बसून परमुलखातल्या माणसाची वाट पाहत होते. ट्रंक वाहण्यास हमालही नव्हता. ती बंदरापासून गावापर्यंत चाकरमानी स्वतःच डोक्यावरून नेई.

हा डोंगर अजूनही सामानाच्या वाटेवर सत्ता गाजवितो. जुलै २०२१ च्या अतिवृष्टीत महाड तालुक्यातील तळिये गावावर दरड कोसळली, पोलादपूर तालुक्यातही वाड्या गाडल्या गेल्या, आणि अंबेनळी घाटाचा रस्ता खचून वाहतूक बंद पडली. अशा वेळी वरच्या गावांत औषध आणि पीठमीठ पोहोचविण्यास पुन्हा माणसाचे पायच कामी येतात.

सर्वांत पूर्णपणे कोकणची होऊन गेलेली वस्तू मात्र छपरावर आहे. जर्मन-स्विस बासेल मिशनने १८६५ मध्ये मंगळुरास कौलांचा कारखाना काढला. हेतू असा, की धर्मांतरामुळे जातीच्या धंद्याला मुकलेल्यांना पोटापाण्याचे साधन मिळावे. त्यापूर्वी कोकणात गवताने शाकारीत किंवा कुंभाराची अर्धनळीची कौले घालीत. ही देशी कौले नुसती एकावर एक टेकलेली असल्यामुळे वाऱ्याने सरकत, वानरे ती उलथीत, आणि दर वैशाखात सारे छप्पर चाळावे लागे. मंगलोरी कौलाला खाच आणि कड असते. एक दुसऱ्यात अडकते, त्यामुळे कमी कौलांत अधिक छप्पर झाकते आणि लाकडावरचा भारही हलका होतो. गलबतांतून ती किनाऱ्याने वर सरकली, बंदरोबंदरी उतरली, खाड्यांतून आत गेली. पाठीवर कारखान्याचे नाव उठविलेले असे एखादे जुने कौल कोकणातील घर मोडताना अजून हाती लागते, आणि घरमालक ते फेकून न देता परड्यात जपून ठेवतो, कारण नव्या कौलांपेक्षा ते टिकाऊ असते हे त्याला ठाऊक असते.